हरणीचा खाडा

दसऱ्याच्या आधी महिनाभर मी दर शनिवारी आपल्या तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत जात होतो. बातमीसाठी नाही. तिथले गुरुजी जुन्या ओळखीचे. पोरांनी मोबाईलवर एक कार्टून फिल्म करावी, दोनच मिनिटांची, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. "तुम्ही व्हिडिओ करता, स्टँड आहे तुमच्याकडं, या तेवढं," म्हणाले. गेलो. फिल्म अजून अर्धीच आहे, ती का अर्धी राहिली ते पुढं येईल. पण त्या निमित्तानं जुनं काहीबाही वाचत बसलो आणि त्यातला बराच इतिहास आपल्या मराठवाड्याच्या दारातून गेलेला निघाला. म्हणून ही लांबलचक पोस्ट. निवांत असाल तेव्हा वाचा.

गोष्ट कोणती घ्यायची यावर पहिला शनिवार गेला. पोरांचं म्हणणं छोटा भीम. गुरुजींनी कपाटातून जातककथांचं एक पुस्तक काढलं, कव्हर केव्हाच गेलेलं. त्यातली वडाच्या हरणाची गोष्ट ठरली. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

काशीच्या राजाला रोज हरणाचं मटण लागायचं. त्याच्या शिकारीपायी गावकऱ्यांची कामं बुडायची, म्हणून लोकांनीच रानातली हरणं हाकलत आणून राजाच्या बागेत कोंडली. त्यात दोन कळप, पाचपाचशेचे. एकाचा राजा निग्रोध, म्हणजे वड. दुसऱ्याचा शाख, म्हणजे फांदी. दोघंही सोन्याच्या रंगाचे, त्यांना राजानं अभय दिलेलं. रोज बाण सुटायचे, एक मरायचं आणि दहा जखमी व्हायचे. मग दोघा कळपराजांनी ठरवलं, नंबर लावू. एक दिवस या कळपातलं, एक दिवस त्या कळपातलं एक हरीण आपणहून जाऊन ठोकळ्यावर मान ठेवील. एके दिवशी शाखाच्या कळपातल्या गाभण हरणीचा नंबर आला. ती म्हणाली, माझी वेण होऊ द्या, मग आम्ही दोघं आमच्या आमच्या नंबराला जाऊ. शाख म्हणाला, तुझं मी दुसऱ्याच्या गळ्यात कसं घालू, जा. ती निग्रोधाकडं गेली. तो म्हणाला, तू घरी जा, मी बघतो. आणि त्यानं स्वतः जाऊन ठोकळ्यावर मान ठेवली. आचाऱ्यानं राजाला सांगितलं, राजा रथातून धावत आला. पुढं अभय वाढत वाढत बागेतली हरणं, बाहेरची हरणं, सगळी जनावरं, पाखरं, शेवटी पाण्यातल्या माशांपर्यंत गेलं.

जातकांची संख्या साडेपाचशेच्या घरात, त्यातली ही बारावी. मूळ पालीत. मराठीत ती आणण्यात दोन माणसांचं मोठं देणं आहे. एक धर्मानंद कोसंबी, गोव्यातल्या साखवाळचे. पाली शिकण्यासाठी घरदार सोडून श्रीलंका आणि ब्रह्मदेशापर्यंत गेलेला हा माणूस पुढं हार्वर्डमध्येही काम करून आला, आणि परत येऊन आपल्या लोकांसाठी मराठीत लिहीत राहिला. त्यांनी जातककथांचा संग्रह केला. दुसऱ्या दुर्गाबाई भागवत. त्यांनी 'सिद्धार्थ जातक' सात खंडांत मराठीत आणलं. शाळेच्या कपाटातली पातळ पुस्तकं या मोठ्या कामांच्या मागं मागं येतात, फक्त येता येता बारीक होत जातात.

आता चित्राकडं येऊ. ही गोष्ट आपल्या भागात लिहिली जाण्याच्या कितीतरी आधी रंगवली गेली. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात ज्या जातककथा भिंतींवर आहेत त्यात निग्रोध हरणाचीही आहे. पाचव्या शतकातलं काम, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं. हरिषेण वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा, आणि वत्सगुल्म म्हणजे वाशीम. हिंगोली ओलांडली की वाशीम. १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती, म्हणजे शेजारच्याच घरातली गोष्ट झाली म्हणा ना.

अजिंठ्याच्या भिंतीवर चौकटी नाहीत. तोच राजा, तोच हत्ती एकाच भिंतीवर चार-पाच वेळा दिसतो. इथं बसलेला, तिथं चाललेला, पलीकडं वाकलेला. बघणाऱ्यानं दिवा हातात घेऊन सरकत जायचं आणि गोष्ट आपल्या डोळ्यांनी हलवायची. पोरांना मी फोटो दाखवले तेव्हा एक जण म्हणाला, "सर, हे एकाच पानावर समदे फ्रेम काढलेत." मला याहून बरं समजावता आलं नसतं.

ही चित्रं कागदावर उतरवायचा इतिहास मात्र जळाल्याचा आहे. १८१९ मध्ये इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आले आणि लेणी जगाला पुन्हा कळली. मेजर रॉबर्ट गिलनं वर्षानुवर्षं तिथं राहून प्रती काढल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा प्रती काढत बसले. त्यातल्याही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. पुढं निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी अजिंठ्याचे मोठे ग्रंथ छापले. त्या वेळी आपली परभणीही त्याच निजामाच्या राज्यात. आपल्या आजोबांच्या सारावसुलीतला एखादा पैसा त्या रंगीत पानांवर लागला असेल असं मला उगाच वाटून जातं.

चित्र हलवण्याची खटपटही महाराष्ट्रात लवकर सुरू झाली. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, म्हणजे आपल्या गंगेच्या उगमावरचे. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप थोडं थोडं टिपून ते पडद्यावर भराभर वाढताना दाखवलं होतं. १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' केली, नुसत्या आगपेटीतल्या काड्या हलवून. काडी थोडी सरकवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची. आमच्या पोरांनी शंभर वर्षांनी नेमकं तेच केलं, फाळक्यांचं नावही न ऐकता. मग १९३० च्या दशकात प्रभात फिल्म कंपनीत रघुनाथ केळकरांनी 'जंबूकाका' हे कार्टून केलं. जंबूक म्हणजे कोल्हा. पंचतंत्र-हितोपदेशात भेटणारं हे पात्र मराठी माणसाच्या ब्रशमधून पडद्यावर आलं. पण ही सगळी एकट्यादुकट्याची धडपड. माणूस थकला की काम थांबलं.

सरकारनं हे काम हातात घेतलं ते १९५६ मध्ये. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून फिल्म युनिट उघडलं गेलं. अमेरिकेच्या तांत्रिक मदतीतून कॅमेरा आला आणि शिकवायला क्लेअर वीक्स नावाचा डिस्नेचा चित्रकार आला. हा मिशनरी आईबापांचा मुलगा, भारतातच जन्मलेला. डिस्नेकडं त्यानं ज्या चित्रपटांवर काम केलं त्यात 'बॅम्बी' होता. त्याच्या हाताखाली जी. के. गोखले, राम मोहन अशी माणसं तयार झाली. राम मोहन म्हणजे पुढं 'मीना' करणारे, 'शतरंज के खिलाड़ी'तला कार्टूनचा भाग करणारे. त्यांना भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणतात, २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१९ मध्ये गेले. आणि या नव्या युनिटनं सुरुवातीलाच, १९५७ मध्ये, जी रंगीत फिल्म केली ती होती 'द बनियन डिअर'. आपलं वडाचं हरीण. चित्रांसाठी नजर अजिंठ्याकडं आणि हरणाची चाल शिकवायला बॅम्बीवाला माणूस.

इथं जरा थांबतो, कारण बॅम्बीची गोष्ट पुस्तकाची फिल्म करताना काय होतं ते फार नीट सांगते.

'बॅम्बी' हे पुस्तक व्हिएन्नाच्या फेलिक्स साल्टननं १९२३ मध्ये लिहिलं. तो ज्यू होता. १९३६ मध्ये नाझींनी त्याच्या पुस्तकावर बंदी घातली, पुढं तो स्वित्झर्लंडला पळाला आणि १९४५ मध्ये तिथंच वारला. गंमत म्हणजे तो स्वतः शिकारी होता. पुस्तक गोंडस नाही. त्यात भीती आहे, भूक आहे, थंडीत एकमेकांवर उठलेली जनावरं आहेत. शेवटाकडं म्हातारं हरीण बॅम्बीला रानात मरून पडलेला माणूस दाखवतं. ज्याच्या वासानं सगळं रान थरथरतं तोही आपल्यासारखाच मरतो, हे त्याला कळतं.

डिस्नेनं काय केलं? स्टुडिओत खरी दोन पाडसं आणून ठेवली, चित्रकार तासन्‌तास त्यांचे पाय बघत बसले. १९४२ मध्ये फिल्म आली. आईचं मरण ठेवलं, पण पडद्यावर दाखवलं नाही. बर्फ, पळापळ, एक बार, आणि मग पाडसू एकटंच. माणूसही कधी दिसत नाही, फक्त त्याची चाहूल. इथं कात्रीनं गोष्ट धारदार केली असं मला वाटतं. आणि तो मेलेला माणूस पूर्ण काढून टाकला. इथं कात्रीनं गोष्ट मऊ केली. एकाच फिल्ममध्ये, त्याच हातांनी, दोन्ही.

तर आमच्या तांड्यावर काय झालं.

सोनेरी लग्नपत्रिका गोळा केल्या. आपल्याकडं त्यांची काय कमी! निग्रोध आणि शाख त्यातून कापले, बाकीची हरणं चहाच्या पुड्याच्या खोक्यातून. स्टूल उलटं करून त्याच्या पायांना सुतळीनं मोबाईल बांधला, खाली फरशीवर पुठ्ठ्याची हरणं. सेकंदाला आठ फोटो धरले. दोन मिनिटांचे नऊशे साठ. डिस्नेवाल्यांना सेकंदाला चोवीस चौकटी लागतात म्हटल्यावर पोरं म्हणाली, त्यांच्याकडं लाईट जात नसेल.

ठोकळ्यापाशी गाडी अडली. गुरुजी म्हणाले, हे काढून टाकू. पालकांसमोर दाखवायचंय, लहान लेकरं असतेत, मान ठेवायचं नको. त्याऐवजी निग्रोध राजाला दरबारात जाऊन विनंती करतो, राजा ऐकतो, संपलं. मी म्हणालो, गुरुजी, मग राहिलं काय? विनंती तर शाखानंही केली असती. बराच वेळ बोललो. त्यांचंही चूक नव्हतं, चौथीच्या पोरांना रोज तेच सांभाळतात. शेवटी बॅम्बीवाला तोडगा काढला. ठोकळा दिसेल, मान ठेवलेली दिसेल, सुरी दिसणार नाही.

मग हरणीचा प्रसंग सांगताना एका मुलीनं हात वर केला. पुठ्ठ्याची हरीण हलवायचं काम तिच्याकडं होतं. तिनं विचारलं, "सर, मग तिचा खाडा लावला का हो?"

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. एखाद्या दिवशी दोघांतलं एक जरी कामावर गेलं नाही, आजारी असो, बाळंतपण असो, तो खाडा. त्याचे पैसे कापले जातात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या बायांनी मोठ्या संख्येनं पिशवी काढून घेतल्याचं बाहेर आलं आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली, ते आठवत असेल. त्या मुलीला हे काही सांगावं लागलं नाही. गाभण बाई म्हणते मला थोडं थांबू द्या, टोळीचा माणूस म्हणतो तुझं काम मी दुसऱ्यावर कसं टाकू. हे तिनं ऐकलेलं होतं. राजवाडा, सोनेरी हरीण, बोधिसत्व, यातलं काही नाही, खाडा. शाखाचं उत्तर तसं नियमाला धरूनच आहे हेही लक्षात घ्या. नंबर म्हणजे नंबर. म्हणून तर ते टोचतं.

त्या रात्री घरी येऊन मी गोष्ट पूर्ण वाचली, पातळ पुस्तकातली नाही, मूळ जातकात जशी आहे तशी. आणि चकित झालो. पातळ पुस्तकात दोन तुकडे गळालेले होते.

एक तुकडा सुरुवातीचा. प्रत्येक जातकाला एक निमित्त असतं, बुद्धानं ती गोष्ट का सांगितली त्याचं. इथं निमित्त आहे राजगृहाच्या एका बाईचं. तिला दिवस गेलेत हे तिचं तिलाच माहीत नव्हतं, आणि नवऱ्याची परवानगी घेऊन ती भिक्षुणी झाली. पोट दिसायला लागलं तेव्हा देवदत्तानं, आपली बदनामी होईल म्हणून, काही न विचारता तिला हाकलून दिलं. ती तशीच पायी श्रावस्तीला बुद्धाकडं गेली. बुद्धानंही नुसती दया दाखवली नाही. त्यानं उपालीला चौकशी करायला लावली, उघड, राजासमोर. विशाखेनं पडद्याआड तिला तपासून, महिने-दिवस मोजून सांगितलं की दीक्षेच्या आधीचे दिवस आहेत. बाई निर्दोष ठरली. मग बुद्धानं हरणाची गोष्ट सांगितली. म्हणजे ही गोष्ट मुळातच गाभण हरणीची नव्हती, एका गरोदर बाईची होती.

दुसरा तुकडा शेवटचा. अभय मिळाल्यावर हरणं काय करतात? लोकांची पिकं खातात! लोक राजाकडं जातात, राजा म्हणतो मी शब्द दिलाय, राज्य गेलं तरी चालेल. मग निग्रोध आपला कळप जमवतो आणि सांगतो, दुसऱ्याचं पीक खायचं नाही. शेतकऱ्यांना निरोप धाडतो, कुंपण नका घालू, नुसती पानं बांधा खुणेला, आमचे लोक ओलांडणार नाहीत.

पुढच्या शनिवारी हे सांगितलं तर वर्गात एकच गलका. "सर, आमच्या हरभऱ्यात रोज येतेत हरणं!" "आमच्याकडं रोही हायेत, डुकरं हायेत." रात्री जागलीला जाणाऱ्या घरातली पोरं ती. आतापर्यंत हरीण म्हटलं की बिचारं एवढंच फिल्ममध्ये होतं, आता पोरं बांधावर आली. पानं बांधायचा सीन त्यांनी स्वतःहून घातला, कडुलिंबाच्या खऱ्या पानांनी. गुरुजी म्हणाले दोन मिनिटांत बसणार नाही. नाही बसलं तर तीन मिनिटांची होईल, काय बिघडलं.

निमित्ताचा तुकडा मात्र आम्हीही गाळला. चौथी-पाचवीच्या वर्गात ते कसं दाखवायचं ते मला सुचलं नाही, गुरुजींनाही नाही. डिस्नेला नावं ठेवणं सोपं आहे, हे तेव्हा कळलं. पण निदान सुरुवातीच्या पाटीवर एक ओळ लिहायची ठरवली आहे, की बुद्धानं ही गोष्ट एका हाकलून दिलेल्या बाईसाठी सांगितली. मोठी माणसं वाचतील.

आता आपल्या हक्काचा एक मुद्दा. 'द बनियन डिअर' जनतेच्या पैशातून झाली. फिल्म्स डिव्हिजनच्या फिल्म त्या काळी प्रत्येक थेटरात मुख्य सिनेमाआधी दाखवणं बंधनकारक होतं, लोक तेवढ्यात बिडी ओढून यायचे तो भाग वेगळा. नंतर दूरदर्शनवर 'एक अनेक और एकता' आली, १९७४ ची, आमच्या पिढीनं शेजाऱ्याच्या ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीवर ती पाठ केली. तीही याच फिल्म्स डिव्हिजनची, आणि ती घडवून आणण्यात मराठमोळ्या विजया मुळे होत्या. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. या फिल्म आता कुणाच्या सर्व्हरवर आहेत हा माझा प्रश्न नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांना टीव्ही आणि टॅब वाटताना त्यात अशा वीस-पंचवीस फिल्म आधीच भरून द्यायला किती खर्च येतो? अजिंठा आपल्या मराठवाड्यात, त्याच्या भिंतीवरची गोष्ट, सरकारनंच केलेली कार्टून, आणि आपल्या शाळांत ती माहीत असलेला माणूस मला भेटला नाही. शिक्षण खात्यातले काही वाचक या पेजवर आहेत. त्यांनी मनावर घ्यावं.

फिल्म अर्धी का राहिली ते एवढ्यात तुमच्या लक्षात आलंच असेल. दसरा झाला, गाड्या भरल्या, वर्गातली अकरा पोरं आईबापांसोबत गेली. काही कर्नाटकात, काही पश्चिम महाराष्ट्रात. हरणीवाली मुलगीही गेली. तिची पुठ्ठ्याची हरीण शाळेत सापडत नाही, वहीत घालून घेऊन गेली असावी असं तिच्या मैत्रिणीचं म्हणणं. दुसरी कापता येईल, पण पोरांनी नको म्हटलं. आतापर्यंत पाचशे बारा फोटो झालेत. म्हणजे एक मिनिट चार सेकंद. निग्रोध ठोकळ्यापर्यंत पोचलाय.

कारखान्याचा पट्टा पडला की लेकरं परत येतील, तेव्हा उरलेले फोटो काढू. उन्हाळ्यात तांड्यावरच रात्री दाखवायचा विचार आहे. पडद्याला पांढरी चादर आहे. प्रोजेक्टर नाही. गंगाखेडात कुणाकडं असेल, एका रात्रीपुरता, तर सांगा.